कासवाचा अहवाल

१

राजमक्काने जिन्याच्या तोंडाशीच सांगितलं, "वेंको, कासव गेलं रे."

व्यंकोजीने हातातलं हेल्मेट खाली ठेवलं आणि क्षणभर मान खाली घातली. ऑफिसात कोणी गेलं की एवढं करायची पद्धत होती. मग त्याच्या लक्षात आलं की कासव हा माणूस नाही, प्रकल्प आहे, आणि मग त्याला खरोखरच वाईट वाटलं.

कासव म्हणजे दोन महिन्यांची मेहनत. उद्या, रविवार असूनही, बंगळूरच्या संचालक मंडळापुढे तो अहवाल ठेवायचा होता आणि आज तो कुठेच नव्हता. सर्व्हरवर नव्हता, राखीव प्रतींत नव्हता, कचऱ्याच्या डब्यातही नव्हता. राजमक्का ऑफिसचा सगळा कारभार बघायची, त्यामुळे तिने संगणकातला डबाही बघितला होता आणि जिन्याखालचाही.

ऑफिस तंजावूरच्या दक्षिण मुख्य रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर होतं. ते अनिरुद्धरावांनी तरुणपणी काढलं, तेव्हा गावात सल्ला विकत घ्यायचा असतो हे कोणाला ठाऊक नव्हतं. तंजावुरात तो फुकट मिळत असे, आणि न मागता. पहिलं गिऱ्हाईक भाताच्या गिरणीचा मालक. अनिरुद्धरावांनी महिनाभर गिरणी बघितली आणि सांगितलं, बंद करा. त्याने केली, खताच्या धंद्यात पडला, गबर झाला आणि कृतज्ञतेने भिंतीवरचं मोठं घड्याळ देऊन गेला. ते अजून भिंतीवर होतं. चालत नव्हतं, पण भेटवस्तू होती. पुढे कॉलेजं, पतपेढ्या, रेशमी कापडाची दुकानं अशी गिऱ्हाइकं झाली. मग संगणक आले, तेव्हा अनिरुद्धरावांनी लोकांना संगणक कुठे ठेवावा याचाही सल्ला दिला. आणि मग एके दिवशी बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीने येऊन सल्ल्याचं हे दुकानच विकत घेतलं.

तेव्हापासून काम बंगळूरहून येई, आणि ते बुरखा घालून येई. गिऱ्हाइकाचं नाव झाकलेलं, त्याऐवजी एखाद्या प्राण्याचं. महिन्यांची नावं काढून नुसती अक्षरं. फोटो असले तर चेहरे, पाट्या, भिंतीवरचे देव, सगळं पुसट केलेलं. गुप्ततेसाठी. त्यामुळे तंजावूरने आजवर हत्ती, मोर, खवल्या मांजर अशा कितीतरी कंपन्यांना सुधारलं होतं आणि त्यांतली एकही पाहिली नव्हती.

व्यंकोजी टेबलापाशी पोहोचला तेव्हा पडद्यावर बंगळूरचा विघ्नेश थांबलेला होता. त्याच्या हुद्द्यात 'परिवर्तन' हा शब्द होता आणि तो चेहऱ्यावर कधीच उतरत नसे.

"व्यंकोजी, तुम्ही क्वालिटीत आहात ना?"

"हो."

"आणि कासवाच्या टीममध्ये नव्हतात. म्हणजे तुम्हीच चौकशी करा. अहवाल काल दुपारी पुसला गेला. त्यागराजच्या मशीनवरून. संध्याकाळच्या कॉलपर्यंत मला दुसरं नाव मिळालं नाही तर त्यागराज. पोलीस तक्रार होईल, आणि या क्षेत्रात त्याला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही. आणि तुम्ही मला मत सांगू नका, कारणं सांगा. ओके?"

पडदा काळा झाला. त्यात व्यंकोजीला स्वतःचा चेहरा दिसला आणि त्याच्या मागे त्यागराजचा. त्यागराज तिरुवैयारुचा, आकड्यांचा माणूस, व्यंकोजीचा रोजचा कॉफीचा जोडीदार.

"गायत्रीला अजून सांगितलं नाहीये दा," त्यागराज तमिळमध्ये म्हणाला. गायत्री म्हणजे त्याची बायको. "ती विचारेल, तू केलंस का. मी नाही म्हणेन. मग ती विचारेल, मग तुलाच कसं धरलं. याला माझ्याकडे उत्तर नाही."

"काल मशीन बंद केलं होतंस?"

"ते बंद केलं की चालू व्हायला अर्धा दिवस घेतं. मी लागलो तेव्हापासून ते चालूच आहे. सगळ्यांना माहीत आहे."

मशीन कोणालाही मिळालं असतं, पण कासवाचा पासवर्ड फक्त चौघांकडे होता. अहवाल लिहिणारी हरिप्रिया, आकडे काढणारा त्यागराज, ऑफिसचे प्रमुख अनिरुद्धराव आणि राजमक्का, कारण बाकी तिघं तो विसरत असत.

चौघांपैकी एक. आणि चौघांच्याही घरचं व्यंकोजी जेवलेला होता.

२

"काल दुपारी अस्की खाली होते," राजमक्का म्हणाली. 'अस्की' म्हणजे सगळे. हा शब्द महाराष्ट्रात हरवला आणि तंजावूरच्या मराठीत राहिला, राजमक्कासारखाच. "कविताचं वळैकाप्पु नव्हतं का? भांडीवाल्याच्या हॉलमध्ये. गर्भारशीला बांगड्या भरायच्या, तिथे पुरुषांचं काय काम, पण भात पाच तऱ्हेचा होता म्हणून पुरुषही होते."

"वर कोण कोण गेलं?"

"मी गेले. हिरव्या बांगड्यांचं खोकं विसरले होते. आणि काल शुक्रवार, तेव्हा सर्व्हरला चंदन-कुंकू लावलं."

"अक्का, सर्व्हरला?"

"कसाला तोंड वाकडं करतोस? आयुधपूजेला लावतोस की नाही? मग शुक्रवारी लावलं तर शॉक बसतो त्याला?" तिने पदर खोचला. "अनिरुद्धराव वर गेले, त्यांना गोंगाट सोसत नाही. त्यागराज गेला, पिशवी घेऊन तसाच बस धरायला पळाला. आणि हरिप्रिया तर निम्मा वेळ वरच होती. बंगळूरचा फोन. खाली आली तेव्हा डोळे लाल. कविताच्या हातात बांगडी सरकवताना फट्कन फोडलीन्. मी म्हटलं, दृष्ट लागली. दृष्ट काढायला पाहिजे."

"कोणाची?"

"सगळ्यांची," राजमक्का म्हणाली. "हे ऑफिस मला ठीक दिसत नाही रे."

म्हणजे चौघंही वर गेली होती. व्यंकोजीने डोकं धरलं. काल दुपारी जागचं हललं नव्हतं असं ऑफिसात एकच माणूस होतं. कविता. तिला बांगड्यांच्या वजनाने उठताच येत नव्हतं.

३

हरिप्रिया काचेच्या खोलीत ताठ बसली होती. तिची हुशारी तंजावूरला पुरून उरत असे. नवरा आणि मुलगी बंगळुरात; ती शुक्रवारी रात्रीच्या गाडीने जायची आणि सोमवारी पहाटे परतायची. हा शुक्रवार तिने कासवासाठी सोडला होता. बदलीचा अर्ज ती दर वर्षी करत असे आणि बंगळूर दर वर्षी तिचं अभिनंदन करत असे.

"मी आयुष्यात लिहिलेला सर्वांत चांगला अहवाल होता तो," ती म्हणाली. "गेला. आता काय विचारणार आहेस? मी माझंच मूल का मारलं?"

"त्यात लिहिलं काय होतं, तेवढं तरी सांगा अक्का. मी वाचलाच नाहीये."

तिने डोळे मिटले आणि पाठ म्हटल्यासारखी सुरुवात केली. "कासव ही मूळची छोटी, जुनी संस्था. मोठ्या कंपनीने घेतलेली. माणसं प्रामाणिक आणि संथ. निर्णय घ्यायचा म्हटला की आधी कॉफी. कामाची गुणवत्ता बरी, पण तेच काम दुसरीकडे निम्म्या माणसांत होतं. सुधारणा शक्य नाही, कारण त्यांना आपण बिघडलोय हेच माहीत नाही. म्हणून शिफारस: पूर्ण बंद करावं. एकही पद अपवाद ठेवू नये. एक अपवाद ठेवला की दुसरा मागे येतो, आणि दोन वर्षांनी कासव पुन्हा तेवढंच झालेलं असतं." तिने डोळे उघडले. "हे अपवादाचं वाक्य विघ्नेशला फार आवडलं. मसुदा मी कॉलवर नुसता वाचून दाखवला, तर त्याने हाताचा अंगठा पाठवला होता."

"जरा कडक नाही वाटत? माणसं आहेत शेवटी."

"वेंको, तू फोटो बघितलेस का त्यांचे?" ती हसली, आणि ते हसणं मध्येच कुठेतरी अडकलं. "जुनाट टेबलं. वायरींचं जंगल. भिंतीवरचं घड्याळ वर्षानुवर्षं बंद, आणि एकाला म्हणून ते काढावंसं वाटत नाही. अशा लोकांना काय सुधारणार तू?"

व्यंकोजीही हसला. कासवातल्या लोकांची त्याला मनापासून कीव आली.

"काल बंगळूरचा फोन कशाबद्दल होता?"

"मांडणीबद्दल," हरिप्रिया म्हणाली आणि तिने पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता. तरी ती प्यायली.

४

"एक गोष्ट सांगू? हसू नकोस," त्यागराज म्हणाला. दोघं कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्याने कॉफी पीत होते. त्यागराजने पितळी वाटीतून पेल्यात आणि पेल्यातून वाटीत अशी कॉफी एवढा वेळ ओतली की ती थंड झाली. "कासवाच्या आकड्यांत दोन खड्डे आहेत. दर वर्षी."

"कसले खड्डे?"

"कामाचे. एक मोठा: पूर्ण दिवस शून्य. कोणी आलंच नाही. आणि दोन-तीन महिन्यांनी एक उथळ खड्डा, चार-पाच दिवसांचा, थोडी माणसं गायब. बरं, दर वर्षी त्याच तारखेला म्हणशील तर नाही. सरकतात. कधी पुढे, कधी मागे. मी ईद लावून बघितली, ती दर वर्षी मागेच जाते. ईस्टर लावून बघितला. दिवाळीचा खड्डा वेगळा आहेच, तो सगळ्यांना असतो, त्यावरूनच तर मी महिने ओळखले. हे दोन कुठल्याच सुट्टीच्या यादीत बसेनात. मग मी त्याला नाव दिलं."

"काय?"

"अकारण सांस्कृतिक गळती." त्यागराजला एवढ्यातही थोडा अभिमान वाटला. "हरिप्रियाक्काने त्यावर पूर्ण प्रकरण लिहिलं. म्हणाली, हा रोगाचा गाभा आहे."

व्यंकोजीने कॉफीचा घोट घेतला. तारखेने सरकणारा, तरी दर वर्षी येणारा दिवस. म्हणजे तो तारखेवर चालत नाही, चंद्रावर चालतो. तिथी किंवा नक्षत्र. आणि राज्याच्या यादीत नाही, देशाच्या नाही. म्हणजे ती सुट्टी गावाची आहे. एका जिल्ह्याची.

"त्यागू, मोठा खड्डा दिवाळीच्या आसपास येतो?"

"हो. कधी आधी, कधी नंतर."

"ऐप्पसी महिना," व्यंकोजी हळूच म्हणाला. "सदय नक्षत्र."

रस्त्यापलीकडे, घरांच्या वर, मोठ्या देवळाचं शिखर नेहमीसारखं उभं होतं. ते बांधणाऱ्या राजराजाचं जन्मनक्षत्र सदय, म्हणजे शततारका. त्या दिवशी कलेक्टर सुट्टी देतो, आणि ती फक्त या जिल्ह्याला. चेन्नईला कामावर जावं लागतं. बंगळूरला तर ठाऊकही नसतं.

"आणि उथळ खड्डा कडाक्याच्या थंडीत? म्हणजे आपल्याकडे जेवढा कडाका असतो तेवढ्यात?"

"मार्गळी महिना संपला की. हो."

"तू त्या दिवसांत कुठे असतोस?"

"मी?" त्यागराज म्हणाला. "मी तिरुवैयारुला. तिथल्या संगीताच्या आराधना उत्सवात गातो ना. कविताही नवऱ्याबरोबर येते, हिशेबातले दोघं येतात—"

तो थांबला. पेला त्याच्या हातात तिरपा झाला आणि कॉफी बुटावर सांडू लागली.

"दोन महिने तू स्वतःच्या रजेला गळती म्हणत होतास," व्यंकोजी म्हणाला.

"पण मला आठवणार कसं? त्या दिवशी ऑफिसात काय असतं ते मी कधी बघितलेलंच नाही. मी तिथे नसतो!"

दोघंही बुटाकडे बघत राहिले. कासव म्हणजे ते स्वतःच होते.

५

अनिरुद्धराव खिडकीपाशी उभे होते. तंजावूरच्या मराठी मंडळींत दोन पिढ्या मागे गेलं की प्रत्येकजण प्रत्येकाचा मामा लागतो, त्यामुळे व्यंकोजी त्यांना ऑफिसात सर आणि अडचणीत मामा म्हणत असे.

"मामा, कासव आपण आहोत."

"दार लाव," अनिरुद्धराव म्हणाले. वळले नाहीत.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. विघ्नेशने सांगितलं, तंजावूरचं मूल्यमापन करायचंय, बाहेरच्या कंपनीला देऊ की तुमच्याच पोरांना? नावं झाकून देऊ, त्यांना कळणार नाही, म्हणजे पक्षपात नाही. मी म्हटलं, आमच्याच पोरांना द्या."

"का?"

"बाहेरचे चांगलं करणार नाहीत म्हणून." आता ते वळले. डोळे कोरडे होते आणि त्यामुळे बघवत नव्हते. "मी पहिला सल्ला दिला तो बंद करण्याचा. गिरणीत तेव्हा चाळीस माणसं होती. मी मालकाला कारणं दिली, माणसांची नावं विचारली नाहीत. बरोबर होता तो सल्ला. आता मी आपल्यासाठी वेगळा नियम लावू कां? पोरांनी आपल्याला वाचवलं असतं तर वाटलं असतं, वाचण्यासारखे आहोत. नाही वाचवलं. मसुदा वाचला मी. एकही वाक्य खोडता आलं नाही मला."

"मग तुम्ही तो पुसला नाहीत."

"मला पुसायचं असतं तर पहिल्याच दिवशी नाही म्हटलं असतं. शिवाय मला पुसता येत नाही रे. मागे एक मेल पुसायला गेलो तो सगळ्या जिल्ह्याला गेला."

हे खरं होतं. व्यंकोजी कपाळ दाबत खुर्चीत बसला. ज्याने कासव मारलं त्याला कासव कोण हे कळलेलं असणार. परक्या ऑफिसचा अहवाल कशाला कोण पुसेल? त्यागराजला कळलं नव्हतं. कळलं असतं तर त्याने स्वतःच्या गाण्याला गळती म्हणून अहवालात लावलं नसतं. राजमक्काला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत खालच्या भांडीवाल्यालाही कळलं असतं. मामांना ठाऊक होतं, पण ते मारणाऱ्यांतले नव्हते, मरणाऱ्यांतले होते.

"मामा, ते कासवाचे फोटो दाखवा."

बंगळूरने पाठवलेले फोटो मेलमध्ये तसेच होते. छताच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यांतून घेतलेले. नुसती डोकी, टेबलांचे माथे. आपलं ऑफिस वरून कसं दिसतं हे पालीशिवाय कोणाला माहीत असणार? भिंतीवर एक पांढरा गोल डाग होता. पुसट केलेला देव असेल, ताटली असेल, काहीही असेल.

व्यंकोजीने पडद्यावरून नजर काढून समोरच्या भिंतीकडे बघितलं. गिरणीवाल्याचं घड्याळ.

तो एकदम उठला. खुर्ची मागे पडली.

"काय झालं रे?"

"मामा," व्यंकोजी म्हणाला, "फोटोतलं घड्याळ बंद आहे हे कोणाला कळू शकतं?"

६

"कोणालाच नाही," व्यंकोजीनेच उत्तर दिलं. काचेच्या खोलीत हरिप्रिया आता ताठ बसलेली नव्हती. "फोटोत सगळीच घड्याळं बंद असतात अक्का. आणि हे तर घड्याळ आहे हेही दिसत नाही, नुसता डाग आहे. तुम्ही म्हणालात, वर्षानुवर्षं बंद. ते फोटोने नाही सांगितलं तुम्हाला. ते तुम्हाला रोज टेबलावरून दिसतं."

तिने नाही म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मूर्ख आहे मी."

"केव्हा ओळखलंत?"

"दुसऱ्या आठवड्यात." तिने केसांवरून हात फिरवला. "माझे केस जातायत वेंको. टाळूवरचे. डॉक्टरीण म्हणते, दर आठवड्याला वरून फोटो काढून पाठवा. काढते मी. हात वर करून, फोन उलटा धरून. कासवाच्या एका फोटोत खिडकीजवळ एक डोकं होतं. चेहरा त्यांनी पुसला होता, टाळू कोण पुसतं? माझीच टाळू. जगात ती मी आणि डॉक्टरीण अशा दोघीच ओळखतो."

व्यंकोजीला हसायला आलं असतं. आलं नाही.

"आणि तरी लिहिलंत. बंद करा."

"खरं होतं म्हणून लिहिलं. आणि..." ती थांबली. "आणि म्हटलं, जो एवढं चांगलं लिहितो त्याला ते बंगळूरला नेतील. ऑफिस बंद, मी तिकडे. पोरगी आता सहावीत गेली. मला फोनवर 'मॅम' म्हणाली परवा, चुकून. काल विघ्नेशला विचारलं, माझं काय? तो म्हणाला, तुमचंच वाक्य आहे ना, एकही पद अपवाद नाही? मंडळाला तेच सगळ्यात पटणार आहे. आता तुम्हालाच अपवाद केलं तर अहवालाची विश्वासार्हता जाईल."

बाहेर कोणीतरी स्टेपलर ठोकत होतं.

"मग जे मशीन समोर उघडं दिसलं त्याच्यावर बसले आणि पुसला. पुसताना त्यागराजचं आहे हे डोक्यातही आलं नाही. मग खाली जाऊन कविताला बांगड्या भरल्या. तिने विचारलं, अक्का, बाळंतपणाची रजा सहा महिने मिळेल ना? मी हो म्हटलं." तिने वर बघितलं. "आता नीट ऐक. माझं नाव सांगितलंस तर त्यागराज सुटेल. पण बंगळूर मला म्हणेल, तक्रार नको असेल तर पुन्हा लिहा. आणि मी लिहीन, मला पोरीसमोर पोलीस नकोत. नाव नाही सांगितलंस तर त्यागराज जाईल, पण अहवाल नाही म्हणजे निर्णय नाही. कवितासकट सगळे राहतील. निदान पुढच्या मंडळापर्यंत. एक की सगळे. तू ठरव."

"तुम्ही काय सल्ला द्याल?"

त्याने सवयीने विचारलं होतं. पण हरिप्रियाने तोंड फिरवलं आणि ती रडायला लागली.

खोलीबाहेर त्यागराज उभा होता, बुटावर कॉफीचा डाग घेऊन. त्याने व्यंकोजीकडे बघितलं. पडद्यावर विघ्नेशचा कॉल वाजायला लागला होता.

७

व्यंकोजीने कारणं सांगितली. विघ्नेशने मत नको म्हटलं होतं.

त्याने सदय नक्षत्र सांगितलं, आराधना सांगितली, छतातले कॅमेरे सांगितले, घड्याळ सांगितलं. त्यागराज निर्दोष कसा हे त्याने दोनदा सांगितलं. हरिप्रियाचं नाव त्याने सगळ्यात शेवटी घेतलं, आणि घेताना आवाज खाली गेला, तेव्हा विघ्नेश म्हणाला, "जरा मोठ्याने, रेकॉर्ड होतंय." मग त्याने ते मोठ्याने घेतलं. मग व्यंकोजी म्हणाला की तिने रागात केलं, तिची पोरगी सहावीत आहे, आणि ज्यांना आपलंच मरण लिहायला दिलं त्यांच्यातल्या एकाचा हात थरथरला तर त्याला गुन्हा म्हणू नये. हे मात्र मत होतं. त्याला भान राहिलं नव्हतं.

विघ्नेश खुर्चीत पुढे सरकला. चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं परिवर्तन दिसलं.

"उत्कृष्ट," तो म्हणाला.

"म्हणजे त्यागराज?"

"त्यागराज क्लीन. तसं लेखी पाठवतो आत्ताच. हरिप्रियांवरही कारवाई नको, उगाच वेळ जातो. आता मुद्दा असा व्यंकोजी, की आम्हाला उद्या मंडळापुढे कारण ठेवायचं होतं. निर्णय उन्हाळ्यातच झालाय. निर्णयाला कारण लागतं. होतं ते पुसलं गेलं. पण तुम्ही आत्ता जे सांगितलंत ना, ते त्याहून चांगलं आहे."

"मी काय सांगितलं?"

"एका ऑफिसला त्याचेच फोटो दिले. दोन महिने त्याने ते बघितले आणि स्वतःला ओळखलं नाही. स्वतःच्या सुट्ट्यांना रोग म्हटलं. प्रमुखाला ठाऊक होतं, तो बोलला नाही. ज्या एकीने ओळखलं तिने पुरावा पुसला. अशी संस्था सुधारता येत नाही. हे हरिप्रियांना आतून दिसलं नव्हतं. तुम्ही आतून दाखवलंत." तो काहीतरी टाइप करत होता. "हे रेकॉर्डिंग उतरवून घेतो. तोच अहवाल. वर नाव तुमचंच घालतो, श्रेय ज्याचं त्याला."

"नको," व्यंकोजी म्हणाला.

"नम्रता नको," विघ्नेश म्हणाला, आणि पडदा काळा झाला.

तो खाली उतरला तेव्हा राजमक्का जिन्यात पायरीवर बसून उरलेल्या हिरव्या बांगड्या खोक्यात भरत होती. "निवळलं कां रे सगळं?" तिने विचारलं. व्यंकोजीने मान हलवली. ती मान होकाराची आहे की नकाराची हे तंजावुरात कोणाला कधीच कळत नाही, आणि आज व्यंकोजीला त्याबद्दल गावाचे आभार मानावेसे वाटले.

जुन्या स्टँडवर त्यागराज तिरुवैयारुच्या बसची वाट बघत उभा होता. लेखी मेल त्याला आला होता. त्याने व्यंकोजीला बघताच मिठी मारली, अशी की शेजारच्या मोगऱ्याच्या गजऱ्यांची टोपली सांडली आणि बाईने दोघांच्याही आईबापांचा उद्धार केला.

"तू वाचवलंस मला. मच्चान, तू वाचवलंस." त्यागराजचे डोळे वाहत होते. "हे बघ, गायत्री आहे फोनवर. सगळं सांगितलं तिला, तिला माझं पटत नाही. म्हणते, मला बरं वाटावं म्हणून बोलतोस. तूच सांग. तुझं ती ऐकते."

त्याने फोन व्यंकोजीच्या कानाला लावला. बस वळण घेऊन स्टँडमध्ये शिरत होती आणि कंडक्टर दारात लटकून गावांची नावं ओरडत होता.

"अण्णा?" गायत्री म्हणाली. "खरं सांगा. ह्यांची नोकरी आहे ना?"

सकाळपासून व्यंकोजीने काढलेला प्रत्येक निष्कर्ष बरोबर ठरला होता. त्याने त्यागराजकडे बघितलं. तो एक पाय बसच्या पायरीवर ठेवून, लहान मुलासारखा मान हलवत होता: सांग, सांग.

"आहे," व्यंकोजी म्हणाला.